मतदान यंत्रातला प्रोग्राम लोकांसमोर ठेवा: राज्य निवडणूक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र, मुंबई

विषय: स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत वापरल्या जाणाऱ्या मतदान यंत्रांचे सॉफ्टवेअर खुले करण्याबाबत

महोदय,

मी मालवणचा मतदार. हायस्कुलात गणित आणि संगणक शिकवण्यात माझी नोकरी झाली. त्या काळात निवडणुकीचा आदेश आला की केंद्राध्यक्ष म्हणून मतदान केंद्रावर बसलो. माझी मागणी आधीच सांगतो. यापुढे महाराष्ट्रात जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या मतदानासाठी जी यंत्रं विकत वा उसनी घेतली जातील, त्यांत चालणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेला मूळ मजकूर, कोणत्याही नागरिकाला वाचायला, तपासायला आणि स्वतःच्या संगणकावर चालवून बघायला खुला असावा. ही अट खरेदीच्या निविदेतच घालावी, आणि ती न पाळणारं यंत्र घेऊ नये.

२ डिसेंबर २०२५ रोजी आमच्या जिल्ह्यात मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ले या नगरपालिका आणि कणकवली नगरपंचायतीसाठी मतदान झालं. आम्ही मालवणकरांनी नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातल्या दोन जागांसाठी दोन, अशी तीन तीन मतं दिली. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. पण राज्यात काही ठिकाणचं मतदान पुढे ढकललं गेलं होतं, त्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकदमच २१ डिसेंबरला घ्यायला सांगितली. मधले एकोणीस दिवस यंत्रं स्ट्राँगरूममध्ये राहिली. सील होतं, पहारा होता. तरी बंदरावर, मच्छीबाजारात, एसटी स्टँडवर जिथे चार माणसं जमत तिथे यंत्राचाच विषय निघे. कोण जिंकलं, कोण हरलं याच्याशी या पत्राचा संबंध नाही. कुणी मतं फिरवली असा माझा आरोपही नाही. शंका आली तर ती फेडायला आपल्या हातात काय आहे, एवढंच मला विचारायचं आहे.

त्या दिवशी मत देऊन बाहेर आलेल्या आमच्या वाडीतल्या एका आजींनी मला हटकलं. "गुर्जीनू, विधानसभेक चिठी दिसलेली, ह्या वेळेक कित्याक नाय दिसली?" २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला बटन दाबल्यावर काचेमागे सात सेकंद दिसलेली कागदी चिठ्ठी त्यांच्या नीट लक्षात होती. आपण दिलेलं चिन्हच कागदावर उमटलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्थानिक निवडणुकीत ती खिडकी नसते. एका मतदाराला अनेक पदांसाठी मत द्यायचं असल्याने या यंत्रांना व्हीव्हीपॅट, म्हणजे ती चिठ्ठी छापणारं उपकरण, जोडण्याची सोय अजून झालेली नाही, असं आयोगाचं म्हणणं आहे. तांत्रिक अडचण मी समजू शकतो. पण तिचा परिणाम काय होतो, ते स्पष्ट बोललं पाहिजे.

विधानसभेच्या मतदानाचे दोन पुरावे मागे राहतात, यंत्रातला आकडा आणि पेटीतल्या चिठ्ठ्या. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. पाच पुरेशा आहेत की नाहीत यावर वाद घालता येईल, पण ताडून पाहायला काहीतरी आहे. आमच्या नगरपालिकेच्या मतदानाचा एकच पुरावा, चिपमधला आकडा. हरलेल्या उमेदवाराने फेरमोजणी मागितली तर पुन्हा तेच बटन दाबायचं आणि पुन्हा तोच आकडा वाचून दाखवायचा. त्याला मोजणी म्हणता येत नाही. ते वाचन झालं. तो आकडा बरोबर आहे याची सगळी मदार यंत्रातल्या प्रोग्रामवर, आणि तो प्रोग्राम मतदाराने, उमेदवाराने, केंद्राध्यक्षाने, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानेही पाहिलेला नसतो.

केंद्राध्यक्षाच्या हातात नक्की काय असतं, तेही सांगतो. आदल्या दिवशी साहित्य वाटप केंद्रावर यंत्र ताब्यात घ्यायचं, अनुक्रमांक ताडायचा, सील बघायचं. सकाळी मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान. लोकसभा-विधानसभेला त्यात किमान ५० मतं टाकायची असतात. प्रत्येक जण आपापल्या चिन्हाला मत टाकतो, बाजूला कागदावर टिपण ठेवतो, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटनं एकामागून एक दाबायची. आकडे जुळले की सगळ्यांच्या सह्या, हिरवी पट्टी, लाख, आणि खरं मतदान सुरू. हे काम मी मन लावून केलं आणि माझ्या सहकाऱ्यांनीही केलं. खाडीपलीकडच्या वाड्यांत, जिथे गाडी जात नाही तिथे, यंत्राची पेटी हातांत घेऊन चढण चढणारे शिपाई आणि पोलीस पाटील मी पाहिले आहेत. या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला कधीच शंका वाटली नाही.

पण अभिरूप मतदानाने सिद्ध काय होतं? सकाळी सहाच्या सुमाराला, त्या पन्नास मतांपुरतं यंत्र बरोबर वागलं, एवढंच. एखादी चूक तीनशे मतांनंतरच उगवणारी असेल, उमेदवारांची संख्या ठरावीक झाल्यावरच दिसणारी असेल, एका पदाला मत देऊन दुसऱ्या पदाला न देणारा मतदार आला तरच घडणारी असेल, तर सकाळच्या चाचणीत ती सापडणार नाही. मी चूक म्हणतोय, कारस्थान म्हणत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हातून चुका होतात, अगदी हुशार माणसाच्याही. वर्गात मुलांना प्रोग्राम लिहायला लावला की मी एकाचा प्रोग्राम दुसऱ्याला वाचायला देत असे, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. तपासणीची ही रीत संगणकाच्या जगात सगळीकडे मान्य आहे. आपल्या मतदान यंत्राला मात्र ती लागू नाही.

देशातली ही यंत्रं भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या बनवतात. प्रोग्राम त्यांचेच अभियंते लिहितात, तज्ज्ञ समिती तो पाहते, आणि मग तो चिपमध्ये कायमचा भरला जातो. चिप परदेशी कंपन्यांकडून येते. या साखळीतली माणसं सक्षम असतील. पण ती सगळी एकाच बाजूची आहेत. बनवणारे, मान्यता देणारे आणि वापरणारे. ज्याचं मत मोजलं जातं आणि ज्याच्या जागेचा निकाल लागतो, ते दोघेही या साखळीत कुठेच नाहीत.

कोड खुला करायला नेहमीचा विरोध मला ठाऊक आहे: कोड उघड झाला तर त्याचा गैरवापर होईल. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत न्यायपीठाकडूनही असंच मत व्यक्त झालं होतं. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सोर्स कोडच्या स्वतंत्र तपासणीची जनहित याचिका न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचा मी आदर करतो. पण न्यायालयाने सक्ती करायला नकार दिला, आणि आयोगाने स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या खरेदीत एखादी अट घालणं ही वेगळी गोष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ ट आणि २४३ यक यांनी पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुकांचं अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाच्या हाती दिलं आहे. यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

आता गैरवापराचा मुद्दा. निवडणूक अधिकारी आम्हाला वर्षानुवर्षं प्रशिक्षणात सांगत आले की यंत्राला इंटरनेट नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. ते कुठल्याही जाळ्याला जोडलेलं नाही. चिपमध्ये प्रोग्राम एकदाच भरता येतो, नंतर बदलता येत नाही. हे मीही पुढे प्रतिनिधींना सांगितलं आणि मला ते पटतंही. पण मग प्रश्न उरतो. ज्या यंत्राला बाहेरून स्पर्शच करता येत नाही आणि ज्यातला प्रोग्राम बदलताच येत नाही, त्याचा कोड कुणी वाचला तर तो वाचणारा त्या यंत्राचं काय वाकडं करणार? आणि नुसता कोड वाचून त्याला यंत्राचं काही बिघडवता येत असेल, तर 'बाहेरून स्पर्श करता येत नाही' हे आश्वासन अपुरं ठरतं. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. यंत्र आयोग म्हणतो तसं भक्कम असेल, तर कोड उघडण्यात तोटा शून्य आहे.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. आज आपल्या बँकेचे व्यवहार ज्या सांकेतिक पद्धतींनी सुरक्षित होतात, त्या जगभर छापलेल्या आहेत, महाविद्यालयांत शिकवल्या जातात. इतक्या लोकांनी तपासूनही त्या टिकल्या, म्हणून तर त्यांच्यावर विसंबता येतं.

बाहेरच्या देशांत काय झालं याचे दाखले आपल्याकडे अर्धेच दिले जातात. नेदरलंड्समध्ये २००६ साली कार्यकर्त्यांच्या एका गटाने तिथलं मतदान यंत्र मिळवून उघडलं. हे यंत्र मतं मोजण्यापलीकडे काही करूच शकत नाही असा निर्मात्याचा दावा होता. त्या गटाने त्याच यंत्रावर बुद्धिबळाचा प्रोग्राम चालवून दाखवला. पुढच्या दोन वर्षांत तो देश कागदी मतपत्रिकेकडे परतला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी २००५ च्या संसदीय निवडणुकीतल्या तशाच यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. निवडणूक हा सार्वजनिक व्यवहार आहे, मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, असं त्या न्यायालयाने म्हटलं. ही कसोटी माझ्या मागणीपेक्षाही कडक आहे. नुसता कोड खुला करून ती पुरी होणार नाही, तिथे कागदच लागेल. मी त्याच्याही बाजूचा आहे, पण त्याबद्दल पुढे.

स्वित्झर्लंडची गोष्ट मला जास्त शिकण्यासारखी वाटते. तिथे टपाल खात्याने इंटरनेटवरून मतदानाची प्रणाली तयार केली होती. आपल्या यंत्रापेक्षा ती वेगळी आणि अधिक धोक्याची, हे मान्य. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी तिचा सोर्स कोड प्रसिद्ध केला आणि तज्ज्ञांना तपासायला बोलावलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बाहेरच्या संशोधकांनी त्यात गंभीर दोष शोधला. प्रणाली सांभाळणाऱ्या आतल्याच माणसाला मतं बदलता आली असती आणि तरीही 'सगळं बरोबर आहे' असा गणिती दाखला तयार झाला असता. त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या मतदानात ती प्रणाली वापरलीच गेली नाही. मग नव्याने काम झालं, सुधारलेला कोड पुन्हा सगळ्यांसमोर ठेवला गेला, दोष दाखवणाऱ्यांना बक्षिसं जाहीर झाली, आणि जून २०२३ मध्ये तीन प्रांतांत तिचा वापर पुन्हा सुरू झाला. महोदय, कोड कपाटात राहिला असता तर तो दोषही कपाटातच राहिला असता. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात २००१ मध्येच मतदानाच्या संगणकांचा कोड प्रसिद्ध झाला होता. त्यातल्याही चुका पुढे तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिल्या.

आपल्याकडे काय झालं? २०१० मध्ये संशोधकांनी एका भारतीय यंत्राचा अभ्यास करून त्यातल्या कमकुवत जागा दाखवल्या. अभ्यासासाठी यंत्र मिळवण्याची सनदशीर वाटच नव्हती. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलेलं निघालं आणि त्यांच्यापैकी एकाला अटक झाली. मग ३ जून २०१७ ला भारत निवडणूक आयोगाने पक्षांना यंत्र भेदून दाखवण्याचं आव्हान दिलं. दोनच पक्षांचे लोक आले आणि त्यांनीही प्रयत्न केला नाही. आतले भाग बदलायला परवानगी नव्हती, वेळ काही तासांचा. बंद डबा समोर ठेवून 'काढा चूक' म्हणण्याला परीक्षा म्हणता येणार नाही. एखादं गणित बरोबर सुटलंय का हे बघायला शिक्षक उत्तराबरोबर पायऱ्याही मागतो. आम्ही त्या पायऱ्या मागतोय.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण खुल्या सॉफ्टवेअरचे आग्रही लोक ती पुष्कळदा टाळतात. संकेतस्थळावर कोड ठेवला म्हणजे यंत्रातही तोच कोड आहे, असं सिद्ध होत नाही. तुम्ही प्रसिद्ध कराल एक आणि चिपमध्ये असेल दुसराच, ही शंका तशीच राहील. प्रत्येक प्रोग्राममधून ठरावीक गणिती रीतीने एक लांब आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. कोडमध्ये एक अक्षर बदललं तरी तो आकडा पार बदलतो. पण यंत्रालाच 'तुझा हॅश सांग' असं विचारून भागत नाही. खोटा प्रोग्राम खोटं उत्तर देऊ शकतो. म्हणून चिपमधला मजकूर बाहेरच्या स्वतंत्र उपकरणाने वाचता आला पाहिजे. आजच्या चिपा सुरक्षेच्या कारणाने तो वाचू देत नाहीत. त्यामुळे गुंता असा झालाय की यंत्रात काय आहे हे तपासायचं ठरवलं तरी तपासता येत नाही.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच टक्के यंत्रं तपासून मागण्याचा हक्क दिला. चिपमधली स्मृती निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांनी तपासावी, असं त्यात होतं. पण त्यानंतर आलेल्या पहिल्या कार्यपद्धतीत स्मृती वाचण्याऐवजी यंत्रावर चौदाशेपर्यंत मतांचं अभिरूप मतदान घेण्याची सोय होती. म्हणजे सकाळी सहाला केंद्रावर जे केलं, तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा. त्यासाठी तेव्हा यंत्राच्या एका संचामागे ४०,००० रुपये आणि वर जीएसटी भरावा लागे. नगरपंचायतीच्या जागेला उभा राहिलेला रापणीवाला मच्छीमार किंवा आंब्याचा छोटा बागायतदार एवढे पैसे आणणार कुठून? शिवाय ती सोय स्थानिक निवडणुकीला नाहीच.

म्हणून निविदेत काय लिहावं, ते नेमकं सांगतो. पूर्ण सोर्स कोड, सर्किटचा आराखडा, आणि त्या कोडपासून चिपमध्ये भरायची फाइल कशी तयार होते त्याच्या सूचना निवडणुकीच्या किमान सहा महिने आधी मराठी आणि इंग्रजीतल्या माहितीसह प्रसिद्ध व्हाव्यात. त्या सूचना पाळून कोणीही स्वतंत्रपणे ती फाइल तयार केली तर ती अक्षरशः तीच निघाली पाहिजे. चिपमध्ये लिहिता येणार नाही पण वाचता येईल, अशी रचना असावी. निवडणुकीआधी यंत्रांची जी पहिल्या स्तरावरची तपासणी होते, तिच्या वेळी उमेदवारांच्या प्रतिनिधींनी चिठ्ठ्या टाकून निवडलेली काही यंत्रं बाहेरच्या उपकरणाने वाचावीत, हॅश मोठ्याने वाचून दाखवावा, वृत्तपत्रात आधी छापलेल्या आकड्याशी ताडावा आणि ती यंत्रं वापरातून बाजूला ठेवावीत. मोजणीनंतर हेच पुन्हा. आणि चूक दाखवणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, असं आयोगाने लेखी द्यावं. २०१० मध्ये जे झालं त्यानंतर हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कामाचा माणूस भीतीने गप्प बसला तर कोड खुला असूनही बंदच.

सरकारी पैशातून, सरकारी कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रामला व्यापारी गुपित म्हणायला आधार नाही. भारत सरकारनेच २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं, आणि ते वगळायचं असेल तर कारण द्यावं असं त्यात म्हटलं. कोविडच्या काळात आरोग्य सेतूवर शंका घेतल्या गेल्या, तेव्हा मे २०२० मध्ये त्याचा अँड्रॉइडचा कोड खुला करण्यात आला. शंकेला उत्तर द्यायची ही रीत सरकारला माहीत आहे.

'पण कोड वाचणार कोण?' असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. वाचणारे आमच्याकडे आहेत. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, रत्नागिरीला, आंबवला, कणकवलीला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, मालवणातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. माझेच विद्यार्थी पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत चिपमधले प्रोग्राम लिहितात आणि गणपतीला घरी येतात. मतदान यंत्राचा प्रोग्राम काही प्रचंड नसतो. बटन कोणतं दाबलं ते नोंदवायचं, बेरीज करायची, शेवटी दाखवायची. चांगल्या विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात तो वाचून काढता येईल. आजींना कोड कळणार नाही, हे खरं. पण आपल्या वाडीतल्या, आपल्या ओळखीच्या मुलाने तो वाचलाय आणि वेगळ्या पक्षाच्या घरातल्या मुलीनेही वाचलाय, हे त्यांना कळेल. आमच्याकडे शिमगा उरकला की देवळात गाव बसतो आणि जमाखर्च वाचला जातो. मानकऱ्यांवर अविश्वास असतो म्हणून नव्हे. बसलेल्यांपैकी निम्म्यांना हिशोब कळतही नाही. पण ज्याला कळतो तो मध्येच उठून विचारू शकतो, आणि हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

आमच्याकडच्या निवडणुकीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, त्याचं कारण आकड्यांत आहे. लोकसभेला लाखांच्या फरकाने निकाल लागतात, दोन-चार मतांच्या चुकीने तिथे बिघडत नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काही शे मतदार असतात. एक-दोन मतांनी जागा जातात, समान मतं पडली तर चिठ्ठी टाकावी लागते. मुंबईहून रात्रभर उभं राहून कोकणकन्येने किंवा जादा एसटीने केवळ मत द्यायला आलेला चाकरमानी त्या एका मतासाठी आलेला असतो. निकाल लागल्यावरही हरलेला आणि जिंकलेला एकाच पाणंदीने जातात, एकाच विहिरीवर भेटतात. निकालावरची शंका तिथे वर्तमानपत्रात राहत नाही, घराघरांत शिरते. भावकीत अबोला धरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातल्या हरलेल्याला दाखवण्याजोगा एकही कागद कुणाकडे नव्हता.

कागदाबद्दल लिहीन म्हटलं होतं. खुला कोड आणि कागदी चिठ्ठी यांत निवड करायला सांगितलं तर मी आधी चिठ्ठी घेईन, कारण ती आजींना वाचता येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी कागदी पुरावा ही मुक्त आणि न्याय्य निवडणुकीची अपरिहार्य गरज ठरवली. इतकी वर्षं उलटूनही स्थानिक निवडणुकीला ती लागू झालेली नाही. अनेक पदांसाठी चालणारं व्हीव्हीपॅट तयार करायला आणखी वेळ लागणार असेल, तर तोवर खुल्या कोडशिवाय आमच्या हातात काहीच नाही. आणि व्हीव्हीपॅट आलं तरी चिठ्ठी छापणाराही प्रोग्रामच असतो, तोही खुला हवाच.

यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं १९८२ मध्ये, केरळातल्या परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. कायद्यात यंत्राची तरतूद नव्हती म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१ अ हे कलम आल्यावरच यंत्राला वैध जागा मिळाली. त्या यंत्राच्या आतल्या प्रोग्रामबद्दल कायद्यात आजही एक ओळ नाही. ती ओळ महाराष्ट्राने पहिल्यांदा लिहावी. आयोगाला नियमात बदल सुचवावा लागेल, विधिमंडळाकडे जावं लागेल, तर आमच्या जिल्ह्यातल्या सर्व पक्षांच्या आमदारांना मी आणि माझ्यासारखे निवृत्त केंद्राध्यक्ष स्वतः जाऊन भेटू.

या पत्राला लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. मागणी पूर्ण मान्य होत नसेल, तर पुढच्या एका निवडणुकीत, एकाच नगरपंचायतीत, प्रयोग म्हणून खुल्या कोडची यंत्रं वापरून बघा. कणकवली, देवगड, गुहागर, कुठलीही चालेल. तपासणीच्या दिवशी हॅश वाचायला आणि नोंदवायला लागणारी माणसं आम्ही विनामूल्य देऊ. नकार द्यायचा असेल तर तोही कळवा, पण कारणासह, आणि ते कारण जाहीर करा, म्हणजे आम्हाला त्याचं उत्तर देता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि माजी मतदान केंद्राध्यक्ष
मालवण, जि. सिंधुदुर्ग